लाईनमन

आमच्या लीगमध्ये दर सीझनच्या सुरुवातीला प्रत्येक टीम आपल्याला कोण हवंय याची यादी लावते. गेली सात-आठ वर्षं मी ती यादी वाचतोय आणि ती फारशी बदलत नाही. रनिंग बॅक : जागा भरली. वाइड रिसीव्हर : जागा भरली. क्वार्टरबॅक : भरली, शिवाय दोघं वेटिंगवर. लेफ्ट गार्ड : हवा आहे. राइट गार्ड : हवा आहे. सेंटर : तातडीने हवा आहे.

ज्यांनी असला खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा अमेरिकन फुटबॉलचा ऑनलाइन सिम्युलेशन गेम आहे. यात बटणं दाबून पळायचं नसतं. एका माणसाने एक खेळाडू बनवायचा. त्याची जागा ठरवायची, उंची-वजन निवडायचं आणि मिळालेले पॉइंट ताकद, वेग, चपळाई, झेल, अडवणूक, नजर अशा गुणांवर वाटायचे. रोज थोडा सराव लावायचा. असे खेळाडू जमवून कुणीतरी टीम चालवतं, कुणीतरी डावपेच लिहितं आणि ठरलेल्या वेळी सर्व्हर दोन टीमची मॅच आपली आपणच खेळवून टाकतो. आपण उठल्यावर निकाल बघायचा. रिप्ले म्हणजे हिरव्या पट्टीवर हलणारे बावीस ठिपके. 'गोल लाईन ब्लिट्झ' हा या प्रकारातला नावाजलेला ब्राउझर गेम. आमचा गेम त्याच घराण्यातला, पण बराच लहान. सगळे खेळाडू एकमेकांना टोपणनावांनी ओळखतात, इतका लहान.

मी यात आलो २०१७ साली, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना. कारण अगदी साधं होतं. हॉस्टेलचं नेट इतकं हळू होतं की दुसरा कुठलाही ऑनलाइन गेम चालायचा नाही. याला ग्राफिक्स नव्हते, आकड्यांचे तक्ते होते. ते उघडायचे. अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच मी तोवर पाहिली नव्हती. अंड्यासारखा लांबुळका बॉल असतो आणि माणसं हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात, एवढीच माहिती. नियम शिकलो ते गेमच्या मदतीच्या पानांवरून.

नियमही वाटतात तेवढे अवघड नाहीत. प्रत्येक बाजूला अकरा जण. बॉल ज्यांच्याकडे ती बाजू ऑफेन्स, अडवणारी ती डिफेन्स. ऑफेन्सला चार प्रयत्न मिळतात, त्यात दहा यार्ड पुढे जायचं. जमलं तर पुन्हा नवे चार प्रयत्न, नाही जमलं तर बॉल समोरच्यांकडे. ऑफेन्सच्या अकरा जणांत एक क्वार्टरबॅक. बॉल फेकायचा की कुणाच्या हातात द्यायचा, हे तो बघतो. रनिंग बॅक बॉल घेऊन पळतो. रिसीव्हर लांब जाऊन झेलतात. आणि अगदी पुढे, समोरच्याच्या नाकाला नाक लावून पाच जणांची रांग उभी असते. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. ही ऑफेन्सिव्ह लाईन. नेहमीच्या चालीत या पाच जणांना पुढे फेकलेला बॉल झेलायचीही परवानगी नसते. त्यांच्या पाठीवरचे नंबरसुद्धा ५० ते ७९ मधलेच असतात, म्हणजे पंचांना लांबूनच कळावं की हा झेलणाऱ्यांतला नव्हे. त्यांचं काम एकच. समोरच्याला अडवून धरायचं, म्हणजे मागचा माणूस आपलं काम करू शकेल.

व्हिडिओ गेमच्या इतिहासात या पाच जणांची एक गंमतशीर जागा आहे. 'मॅडन' हा फुटबॉलचा सगळ्यात खपणारा गेम पहिल्यांदा १९८८ मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरवर आला. त्या काळच्या मशीनना मैदानावर बावीस माणसं झेपत नव्हती, म्हणून बनवणाऱ्यांचा विचार होता की दोन्ही बाजूंची माणसं कमी करून टाकू. ज्यांच्या नावाने गेम निघणार होता ते कोच जॉन मॅडन अडून बसले. अकरा विरुद्ध अकरा नसेल तर तो फुटबॉलच नाही, माझं नाव लावू नका. माणसं कमी करायची तर आधी कुठली जाणार, हे उघड आहे. लाईनमधली. आणि मॅडन स्वतः कॉलेजात लाईनमधेच, टॅकलच्या जागी खेळलेले. १९५८ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्यांना निवडलंही होतं, पण गुडघा गेला आणि खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली. हे वाचल्यापासून मला त्यांचा हट्ट जास्त कळतो.

तर, माझा पहिला खेळाडू रनिंग बॅक होता. सगळ्यांचा असतो.

खेळाडू बनवणं ही मुळात काटकसर आहे. कुठलाही गुण सुरुवातीला स्वस्तात वाढतो, पण एका पातळीच्या पुढे प्रत्येक गुणाला दोन पॉइंट, मग तीन, मग चार असं महाग होत जातं. पॉइंट मात्र ठरावीकच मिळतात आणि एकदा खर्च केलेला पॉइंट परत येत नाही. नवीन आलेल्या माणसाला दोन मोह होतात. एक म्हणजे सगळंच थोडं थोडं वाढवावं. दुसरा म्हणजे वेग एके वेग, बाकी शून्य. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा असतो : इंजिन या गुणांची बेरीज करतं की गुणाकार?

समजा दोन गुणांना मिळून १२० आकडे आहेत. बेरीजच होणार असेल तर ६० आणि ६० घ्या किंवा ८० आणि ४० घ्या, सारखंच. पण गुणाकार असेल तर ६० गुणिले ६० म्हणजे ३,६०० आणि ८० गुणिले ४० म्हणजे ३,२००. समतोल जिंकतो. आणि काही ठिकाणी बेरीजही नसते, गुणाकारही नसतो. तिथे थेट तुलना असते : तुझी ताकद त्याच्यापेक्षा जास्त का कमी? तिथे अर्धवट ताकदीला किंमत नाही. रनिंग बॅकमध्ये हे सगळं एकत्र येतं. धडक देऊन जाणारा वेगळा बनतो, हुलकावणी देणारा वेगळा. धडक देणाऱ्याला ताकद आणि बॉल घट्ट धरण्याचा गुण लागतो. हुलकावणीवाल्याला चपळाई आणि नजर. दोन्ही जमणारा खेळाडू कागदावर सुंदर दिसतो आणि दुसऱ्या यार्डातच पकडला जातो.

माझा हुलकावणीवाला होता. दोन सीझन त्याने चांगले घातले. हजारावर यार्ड, नावापुढे टचडाऊन, लीगच्या पहिल्या पानावर नाव. मग टीम चालवणाऱ्या माणसाचा मेसेज आला. हे गृहस्थ नेब्रास्कात राहतात, ट्रकच्या फेऱ्या लावण्याचं काम करतात आणि त्यांच्या मेसेजमध्ये एकही वाक्य फुकटचं नसतं. त्यांनी लिहिलं की आपला लेफ्ट गार्ड सोडून गेलाय, चार महिने लॉगिन नाही. दुसरा खेळाडू बनवायचा असेल तर गार्ड बनव. सोबत माझ्याच सगळ्यात लांब पळीचा रिप्ले होता आणि एकच सूचना होती : बॉलकडे बघू नकोस.

मी ६६ नंबरच्या ठिपक्याकडे बघत रिप्ले चालवला. चाल सुरू झाल्याबरोबर तो आपली जागा सोडून मागे सरकला, रांगेच्या पाठीमागून उजवीकडे पळत गेला, कोपऱ्यावर एकाला धडकला आणि तिथेच थांबला. माझा ठिपका त्याच्या मागून वळला तेव्हा समोर वीस यार्ड मोकळं मैदान होतं. माझ्या नावावर लागलेली ती पळी होती. त्याच्या नावावर त्या चालीत काहीच लागलं नव्हतं.

मी गार्ड बनवला.

गार्ड बनवताना पहिल्यांदा विचारायचं असतं की टीम कशी खेळते. समोरच्याला सरळ रेटून भगदाड पाडायचं असेल तर ताकद आणि वजन. सगळी लाईन एकदम बाजूला सरकून जागा बनवणार असेल तर चपळाई आणि नजर. गार्डला जागा सोडून पळत जाऊन अडवायचं असेल, त्याला पुलिंग म्हणतात, तर थोडा वेगही लागतो. १९६०च्या दशकात विन्स लोम्बार्डी यांच्या ग्रीन बे पॅकर्सनी याच एका चालीवर, पॅकर स्वीपवर, राज्य केलं. जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन हे दोन गार्ड रांगेतून निघून पुढे पळायचे आणि रनिंग बॅक त्यांच्या सावलीत. चाल येणार हे सगळ्यांना माहीत असायचं, तरी थांबवता यायची नाही. म्हणजे गार्डचा बिल्ड एकट्याचा नसतोच. शेजारचे दोघं कसे आहेत, मागचा कुठल्या बाजूने पळतो, डावपेच लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय आहे, हे सगळं धरून पॉइंट टाकायचे. रनिंग बॅक मी एकट्याने बनवला होता. गार्ड बनवायला आठवडाभर चार माणसांशी बोलावं लागलं.

आणि बनवल्यावर खरा प्रश्न आला. हा चांगला आहे की नाही, हे कळणार कसं?

खऱ्या फुटबॉलातही हाच घोळ आहे. सामन्यानंतरच्या नेहमीच्या तक्त्यात पळणाऱ्याचे यार्ड असतात, झेलणाऱ्याचे झेल असतात, फेकणाऱ्याच्या फेकींची टक्केवारी असते. लाईनमनच्या अडवणुकीला रकाना नसतो. त्याचा उल्लेख होतो तो काही चुकलं तर. समोरच्याला बेकायदा धरलं तर दहा यार्डांचा दंड, चाल सुरू व्हायच्या आधी हलला तर पाच यार्डांचा. तेव्हा रेफरी माइक चालू करून भर स्टेडियमला त्याचा नंबर सांगतो. बाकी तीन तास तो नंबर कुणी उच्चारत नाही.

आमच्या गेममध्ये किती जणांना आडवं पाडलं याचा आकडा मिळतो, पण तो फसवा असतो. चांगला गार्ड दर वेळी पाडतोच असं नाही. बरेचदा तो नुसता दोन सेकंद मधे उभा राहतो आणि तेवढं पुरतं. म्हणून मी दुसरी वाट धरली : तो मैदानात असताना आणि दमून बाहेर असताना, एकाच चालीचं काय होतं? इथे कॉलेजातली संख्याशास्त्राची वही उपयोगी पडली. एखादी चाल निम्म्या वेळा यशस्वी होत असेल आणि तुमच्याकडे शंभर चाली असतील, तर नुसत्या नशिबाने निकाल पाच टक्के इकडे-तिकडे होणं नेहमीचं. गार्डमुळे तीन टक्के फरक पडत असेल तर शंभर चालींत तो दिसणारच नाही. ती त्रुटी निम्मी करायची तर चौपट चाली लागतात. चारशे. म्हणजे कित्येक मॅच. पळणाऱ्याची किंमत एका संध्याकाळी दिसते. गार्डची दिसायला सीझन जातो, आणि तोवर बघत बसणारा कुणीतरी लागतो.

मला एका तांत्रिक योगायोगाची आठवण होते. ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे. शून्याखाली पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास थंडी. त्या सामन्याला 'आइस बोल' म्हणतात. डॅलसविरुद्ध पॅकर्स तीन गुणांनी मागे, सोळा सेकंद बाकी, गोल हाकेच्या अंतरावर. क्वार्टरबॅक बार्ट स्टार स्वतःच बॉल घेऊन घुसला आणि पॅकर्स २१-१७ जिंकले. तो घुसला ती फट जेरी क्रेमरने सेंटर केन बोमनच्या साथीने जेथ्रो प्यू या खेळाडूला रेटून पाडली होती. टीव्हीवर ती चाल पुन्हा पुन्हा दाखवली गेली आणि एका गार्डची अडवणूक अख्ख्या देशाने पाहिली. रिप्ले नसता तर स्टार आत गेला एवढंच लोकांना दिसलं असतं. आणि इतकं दिसूनही क्रेमरला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली ती २०१८ मध्ये. पन्नास वर्षांनी.

२०२१ मध्ये मी एम. एस. करायला अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला आलो आणि तिथेच नोकरीला लागलो. इथलं युनिव्हर्सिटीचं स्टेडियम एक लाखावर माणसं घेतं आणि मॅचच्या शनिवारी गावातले रस्ते लाल होतात. पण मला शुक्रवारी रात्रीच्या हायस्कूलच्या मॅच जास्त आवडतात. तिकीट परवडतं, मैदान जवळ असतं. तिथे एकदा माझ्या शेजारी एक म्हातारे आजोबा बसले होते. चाल सुरू व्हायच्या आत ते पुटपुटायचे, "डावीकडे," आणि चाल डावीकडे जायची. चार-पाच वेळा असं झाल्यावर मी विचारलं, कसं ओळखता? ते म्हणाले, गार्डकडे बघ. तो खोटं बोलत नाही. तरुणपणी ते लाईनबॅकर, म्हणजे डिफेन्समधले, आणि त्यांना शिकवलेलं पहिलं वाक्य हेच. मला गंमत वाटली. ऑफेन्सच्या गार्डकडे सगळ्यात बारकाईने बघणारा माणूस समोरच्या टीममध्ये असतो.

याच सुमारास एका रविवारी फोनवर आप्पांनी विचारलं, ऑफिस सोडून काय करतोस? मी म्हटलं, गेम खेळतो, त्यात मी लाईनमन आहे.

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "मग पोल कुठंय तुझा?"

आप्पा वीज मंडळात लाईनमन होते. गावात त्यांना सगळे वायरमनच म्हणायचे, पण हुद्दा लाईनमनचा. बत्तीस वर्षं. कृष्णाकाठची पाच-सहा गावं, त्यांच्या डीपी, शेतीपंपांच्या लाईनी. वळवाचा पाऊस लागला की आमच्या घरात सगळ्यांत आधी टेबलावरचा फोन वाजायचा आणि आई न बोलता त्यांची बॅटरी आणि रबरी हातमोजे दाराशी आणून ठेवायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला तेव्हा मी पुण्यात नुकताच नोकरीला लागलो होतो. आठ दिवस आप्पा घरी नव्हते. पाणी उतरेल तसा एकेक डीपी तपासायचा, वाळवायचा, मगच लाईन सोडायची. घाई केली तर माणूस मरतो. आईने मला फोनवर सांगितलं की लोक रस्त्यात गाठून विचारतात, आमच्या गल्लीत कधी येणार? लाईट आल्यावर मात्र त्या गल्लीतून कुणाचा फोन नाही.

मी त्यांना गेममधल्या लाईनमनचं काम समजावलं. पाच जण उभे राहतात, बॉलला हात लावत नाहीत, मागच्याला वाट करून देतात, नाव कुठे लागत नाही. चुकला तर तेवढा नंबर माइकवर सांगतात.

"आमचंबी तसंच की," आप्पा म्हणाले. "फोन वाजला म्हंजे लाईट गेलेली. लाईट हाय म्हणून कोण फोन करतंय?"

मग त्यांनी स्वतःहून सांगितलं की असं एक माणूस होतं. नदीकाठच्या एका मळ्यातली म्हातारी. तिच्या मोटरीची लाईन दुरुस्त केली त्या वर्षीपासून दर गुऱ्हाळाच्या हंगामात ती गुळाची ढेप पाठवायची. आमच्या घरात तो गूळ यायचा हे मला आठवत होतं, कुणाकडून यायचा हे पहिल्यांदा कळलं. ती म्हातारी गेली त्यालाही दहा वर्षं झाली होती. रिटायरमेंटच्या दिवशी आप्पांना शाल-श्रीफळ मिळालं, त्याचा फोटो हॉलमध्ये आहे. पण बत्तीस वर्षांच्या नोकरीबद्दल बोलताना ते गुळाबद्दल बोलले.

फुटबॉलात ही रीत पाळली जाते. क्वार्टरबॅक आणि रनिंग बॅक सीझन संपताना आपल्या लाईनमधल्या माणसांना भेटी देतात. कधी घड्याळं, कधी आणखी काही. पैसेवाल्यांचा थाट म्हणून ते सोडून देता येईल. पण त्यात एक हिशेब आहे. तक्त्यात रकाना नाही, रेफरी फक्त चूक सांगतो, प्रेक्षक बॉलकडे बघतात. लाईनमनच्या कामाची नोंद फक्त एकाच ठिकाणी असते : त्याच्या मागून जो पळाला त्याच्याकडे.

हे मला नुसतं सुचलं असतं तर मी विसरलोही असतो. पण मागच्या जानेवारीत त्याची गरज पडली.

माझं काम कंपनीच्या सिस्टीमच्या पायाशी आहे. सर्व्हर, डेटाबेस, डिप्लॉयमेंट. ॲपमध्ये तुम्ही जे बटण दाबता ते माझं नाही. ते दाबल्यावर काहीतरी घडेल याची काळजी माझी. आमची टीम पाच जणांची होती. जानेवारीत कळलं की ती लहान करणार आहेत. प्रत्येकाशी वेगळी बैठक. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, त्याच्यापुढे वरून आलेला एक फॉर्म होता आणि त्यात रकाना होता : गेल्या वर्षात काय नवीन दिलं? मी सांगितलं की गेले नऊ महिने रात्री एकदाही सिस्टीम बंद पडलेली नाही. तो म्हणाला, "ते चांगलंच आहे. पण तेव्हा तू नेमकं काय केलंस?"

एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला नोकरी गेल्यावर नवी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्या रात्री मी झोपलो नाही, हे वेगळं सांगायला नको.

सकाळी मी स्वतःच्या कामाची यादी करायला बसलो आणि दहा मिनिटांत थांबलो. गार्डच्या आकड्यांचं जे होतं तेच इथे होतं. मी काय केलं याच्या यादीतून काही दिसणार नव्हतं. माझ्या मागून कोण पळालं, हे विचारायला हवं होतं. पैसे भरण्याचं पान सांभाळणाऱ्या टीमची लीड एक बाई आहेत. त्यांच्याशी माझं आठवड्यातून एखादं बोलणं. मी त्यांना सरळ विचारलं : आमच्या टीममुळे तुम्हाला गेल्या वर्षात काय करता आलं, हे चार ओळींत लिहून द्याल का? त्यांनी दीड पान लिहिलं. आधी त्या महिन्यातून एकदा बदल सोडायच्या, तोही रात्री, सगळे जागे राहून. आता रोज दुपारी सोडतात. सणांच्या आधीच्या गर्दीत त्यांनी तीन नवे बदल सोडले, जे आदल्या वर्षी सोडायची हिंमतच झाली नव्हती. आणि शेवटी एक वाक्य की आमच्या टीममधले कोण कोण यासाठी कामाला आले, पाचही जणांची नावं.

पाचातले तीन जण राहिलो. त्यात मी होतो. गेलेल्या दोघांतला एक माझ्यासारखाच व्हिसावर होता, मुलगी नुकतीच शाळेत जायला लागलेली. त्याचंही नाव त्या दीड पानात होतं. कागद सगळ्यांसाठी सारखाच होता आणि जागा तीनच होत्या. तेव्हा त्या मेलने न्याय झाला असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की त्या फॉर्ममध्ये नसलेला एक रकाना कुणीतरी हाताने ओढला. तो गेलेला मित्र शिकागोला दुसरीकडे लागला, बावन्नाव्या दिवशी. त्याला लागलेल्या शिफारशीत ते दीड पान जोडलेलं होतं.

त्या सीझनपासून आमच्या टीममध्ये मी एक काम अंगावर घेतलंय. दर मॅचनंतर प्रत्येक मोठ्या पळीचा रिप्ले बघायचा आणि फट कुणी पाडली ते नंबरासकट लिहून ठेवायचं. अर्धा तास जातो. आता पळणाऱ्यांनाही सवय लागली आहे. आमचा सध्याचा रनिंग बॅक टेक्सासातल्या एका गोदामात रात्रपाळी करणाऱ्या मुलाचा आहे. सीझन संपल्यावर त्याने आपल्या खात्यातली गेममधली नाणी आम्हा पाच जणांत सारखी वाटून टाकली. त्या नाण्यांत फार काही येत नाही. मी त्यातून माझ्या गार्डसाठी नवे हातमोजे घेतले, कारण दुकानात तेवढंच परवडत होतं.

नवीन येणारी मुलं अजूनही रनिंग बॅकच बनवतात आणि मी त्यांना अडवत नाही. बनवा. हजार यार्ड पळण्यात मजा आहेच. आणि सगळ्यांनी गार्डच व्हावं असंही नाही. गार्डची किंमत उशिरा कळते आणि ज्याला घरभाडं पुढच्या महिन्यात द्यायचंय त्याला उशीर परवडत नाही. हे ठाऊक ठेवून पॉइंट टाकावेत. फक्त एक सांगतो. तुमच्या सगळ्यात लांब पळीचा रिप्ले एकदा बॉलकडे न बघता चालवा आणि जो ठिपका सापडेल त्याच्या मालकाला दोन ओळी लिहा. तो चार महिने लॉगिन न करणारा झाला की मग लिहून उपयोग नाही.

गेल्या महिन्यात आप्पांना व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून एक मॅच दाखवली. बावीस ठिपके बघून त्यांनी चष्मा चढवला. पहिल्या दोन चाली त्यांना बॉलच सापडेना. मी म्हटलं, आप्पा, बॉल सोडा, हा निळा ठिपका बघा, चौसष्ट नंबर, हा मी. आमचा क्वार्टरबॅक बॉल फेकायच्या तयारीत मागे सरकला. समोरून दोन लाल ठिपके माझ्यावर आले. मागे फेकणाऱ्याने वेळ घेतला, बराच वेळ घेतला आणि बॉल लांब उडाला. माझी नजर सवयीने बॉलबरोबर गेली. आप्पांची गेली नव्हती.

"न्हाई हलला की रं जागचा," ते म्हणाले. "पुन्यांदा दाव."